स्टँप पेपर नसेल तर करारच नाही?

‘स्टँप पेपरवर लिहिला नाही तर करार होतच नाही,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. तो खरा वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपले घराजमिनीचे मोठे व्यवहार कागदावरच होतात. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १० वाचल्यास मुक्त संमती, सक्षम पक्षकार, कायदेशीर मोबदला आणि उद्देश या मुख्य अटी दिसतात. लेखनाची सक्ती एखाद्या कायद्याने केली असेल तिथेच असते, आणि मुद्रांक शुल्क हा तर कर आहे. जर्मनीतही तोंडी करार सामान्यतः चालतो. जमिनीचा मात्र नोटरीपुढेच करावा लागतो. फ्रान्सचा नियम अधिक बोलका आहे: तिथे १,५०० युरोंवरील व्यवहाराला सामान्यतः लेखी पुरावा लागतो, पण तो करार सिद्ध करण्यासाठी, अस्तित्वात आणण्यासाठी नव्हे.