झोपता येणारी झाडं

उर्वशीच्या झाडाखाली उभं राहिलं की फुलांच्याही आधी नजर जाते ती पालवीकडे. कोवळी पानं तांबूस-गुलाबी, ओल्या रुमालासारखी मलूल लोंबत असतात. काही दिवसांनी तीच हिरवी होऊन ताठ होतात. ब्रह्मदेशातल्या या झाडाने एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला वेड लावलं होतं. डेव्हनशायरच्या ड्यूकने ते मिळवायला १८३५ मध्ये जॉन गिब्सन या माळ्याला थेट हिंदुस्थानात धाडलं. रोपं पोचली, पण तिथे पहिलं फूल उमललं १८४९ साली, ईलिंग पार्कमधल्या लुईसा लॉरेन्स यांच्या काचघरात.

चाफ्याचं, म्हणजे सोनचाफा नव्हे तर चिकाच्या देवचाफ्याचं, मात्र असं काही नाही. कडक हिवाळ्याच्या देशांतही लोक तो कुंडीत हौसेने वाढवतात. हा फरक सौंदर्याचा नाही, झोपेचा आहे. उर्वशी सदाहरित, तिला बाराही महिने ऊब आणि दमट हवा हवी. चाफा कोरड्या ऋतूत पानं गाळून खोडातल्या पाण्यावर निवांत पडून राहतो. त्याची ही सवय दुष्काळासाठीची, पण परक्या मुलखातल्या थंडीतही तीच कामी येते.

थंडी म्हणजे फक्त गोठणं नव्हे. पारा १० अंशांच्या आसपास आला की उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांच्या पेशींभोवतीचं स्निग्ध आवरण घट्ट होतं, त्यातून क्षार पाझरू लागतात आणि पानं काळवंडतात. शून्याखाली पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरतो आणि तो पेशींमधलं पाणी ओढून घेतो. झोपलेल्या चाफ्याला गळायला पानंच नसतात. म्हणून रात्री गारठू लागल्या की पाणी तोडायचं आणि कुंडी घरात घ्यायची. पाणी चालू ठेवलं तर मुळं कुजतात. चाफे थंडीपेक्षा या मायेनेच जास्त मरतात. फांदी लावायची असेल तर चीक वाळून कापलेली जागा कोरडी होईपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. वसंतात शेंडे मात्र छाटू नका, कारण मोहर शेंड्यावरच येतो.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, तिथल्या कोरड्या पानगळी जंगलातला. थोडी झोप त्यालाही येते, पण गोठवणारी थंडी त्याला सोसत नाही, आणि कुंडीत तो सहसा फुलत नाही. त्याला मोकळी जमीनच हवी. खाली पडलेलं एखादं फूल उचलून पाहा: चार पाकळ्या लालभडक, पाचवी पांढरट-पिवळी, तांबड्या ठिपक्यांची.

नीलमोहर यांच्यापेक्षा काटक. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झाड मोठं झाल्यावर हलकं हिमही सोसतं. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचे रस्ते ऑक्टोबरात त्याने जांभळे होतात. उलट, सतत पाऊस असलेल्या उष्ण प्रदेशात ते नुसतं पानांनी भरतं, फुलतं बेताचंच. तिथे उबेला तोटा नसतो, तोटा असतो तो कोरड्या दिवसांचा.