एनजीएस तपासणीला येताना स्लाइड नको, ब्लॉक आणा

खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगडकडचे बरेच नातेवाईक बायोप्सीचा रिपोर्ट आणि दोन रंगवलेल्या स्लाइड घेऊन येतात. तेवढ्यावर एनजीएस, म्हणजे कॅन्सरच्या गाठीच्या जनुकांमधले बदल शोधणारी तपासणी, होत नाही. मग ब्लॉकसाठी पुन्हा मिरज-कोल्हापूरची फेरी, आणि उपचार तेवढे लांबतात.

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. मागे प्लास्टिकची चौकोनी कॅसेट, तिच्या कडेला नंबर. स्लाइडवर त्याच तुकड्याचा तीन-चार मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकच काप असतो. पेशी बघायला तो पुरतो, पुरेसा डीएनए काढायला नाही. आमच्या लॅबला ५ मायक्रॉनचे, न रंगवलेले साधारण १० काप लागतात.

बायोप्सी ज्या लॅबने तपासली तिथे ब्लॉक मागा. सोबत अर्ज, रुग्णाचं ओळखपत्र आणि रिपोर्टची झेरॉक्स न्या. रिपोर्टवर ए१, ए२, बी१ असे जेवढे नंबर असतील तेवढे सगळे घ्या. कुठला वापरायचा ते आमचे पॅथॉलॉजिस्ट बघून ठरवतात. आजार उलटला असेल तर नव्या बायोप्सीचा ब्लॉक हवा. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ईजीएफआर या जनुकातल्या बदलावरच्या गोळ्या घेताना पुढे येणारा टी७९०एम नावाचा नवा बदल जुन्या ब्लॉकमध्ये सहसा सापडत नाही. तुकडा हाडातला असेल तर तो ॲसिडमध्ये मऊ केला की ईडीटीए या सौम्य रसायनात, हे नक्की विचारा. कडक ॲसिडने डीएनए तुटतो.

ब्लॉक बसने पाठवत असाल तर ड्रायव्हरशेजारच्या इंजिनच्या झाकणावर ठेवू देऊ नका. हे मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं.

बायोप्सी अजून व्हायची असेल तर तुकडा सलाइनमध्ये ठेवू नये. तुकडा टिकवणारं १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन हे द्रावण वापरावं, तेही तुकड्याच्या दहापट. त्यात तो किमान ६ तास राहावा, ७२ तासांपेक्षा जास्त नको.

"आधी काप बघत कशाला बसता, थेट मशीनला लावा," असं पुष्कळ जण म्हणतात. पण कापात गाठीच्या पेशी २० टक्क्यांहून कमी असतील तर बदल असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि लागू पडणारी गोळी रुग्णाला मिळतच नाही. त्यासाठी एक दिवस गेला तरी आम्ही तो घेतोच. तुकडा अपुरा निघाला तर एनजीएसचे पैसे घेत नाही. रक्तावर तपासणी जमेल का तेही सांगतो. मात्र रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून बदल नाहीच, असं धरून चालू नका.

उरलेला ब्लॉक सही घेऊन परत देतो. निघण्यापूर्वी रिपोर्टचा आणि ब्लॉकवरचा नंबर दिसेल असा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, दोन्ही जुळतात का ते लगेच बघून कळवू.