डी वर्गातली गावं: डरहॅमच्या खाणवस्त्यांच्या आठवणींमागचा एक निर्णय

इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम काउंटीत वाढलेली माणसं लहानपणाविषयी लिहू लागली की एक अक्षर हमखास येतं. आमचं गाव डी होतं, एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. तिथल्या वाचकाला तेवढं पुरतं. बाहेरच्याला वाटतं, शाळेतली तुकडी असेल किंवा रेशनकार्डाचा एखादा प्रकार. ही टीप त्या अक्षरापुरती: लोकसंख्या बरीच घटेल असं काउंटीच्या आराखड्याने ज्या गावांबद्दल ठरवलं, त्यांचा हा वर्ग.

काळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांचा. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आठवणींत हिरवळ, चर्च आणि क्रिकेटचं मैदान येतं, इथल्या आठवणींत कोळसा. विटांच्या घरांची लांबच लांब रांग, मागे अरुंद गल्ली, परसात संडास आणि कोळशाची कोठी. खाणकामगाराला पगाराखेरीज कोळसा मिळे. तो दाराशी रस्त्यावरच ओतून गाडी निघून जाई आणि घरच्यांनी फावड्याने आत भरायचा. सोमवार हा धुण्याचा वार. मागच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या लागलेल्या असताना कोळशाची गाडी आली की बायकांची तारांबळ. अंघोळ चुलीसमोर, पत्र्याच्या टबात, कारण खाणीवरची न्हाणीघरं पुष्कळ ठिकाणी फार उशिरा आली. सहकारी भांडाराला नुसतं ‘स्टोअर’ म्हणत. तिथला आईचा सभासद क्रमांक कित्येकांना ऐंशीव्या वर्षीही पाठ असतो: सामान आणायला पोरांनाच धाडलं जाई, आणि क्रमांक चुकला तर लाभांश दुसऱ्याच्या खात्यात.

रेशन युद्धाबरोबर संपलं नाही. गोळ्या-चॉकलेटवरचं 1949 च्या एप्रिलमध्ये उठलं, गिऱ्हाइकी एवढी उसळली की ऑगस्टमध्ये परत लागलं आणि 1953 च्या फेब्रुवारीत कायमचं गेलं. मांसावरचं सुटायला 1954 चा जुलै उजाडला. जमिनीखाली उतरणाऱ्याला चीज थोडं जास्त मिळे. जुलै म्हटलं की डरहॅम शहरातला खाणकामगारांचा मेळावा: प्रत्येक खाणीचा बँड आणि चित्रांचा भलामोठा झेंडा. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस दगावला असेल तिच्या झेंड्यावर काळं कापड. 1951 च्या मे महिन्यात ईझिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन 83 माणसं गेली. डी हे अक्षरही त्याच वर्षीचं.

या वस्त्यांचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकात जिथे कोळसा लागला तिथे खाणीत उतरायची विहीर खणली गेली आणि मालकाने शेजारी कामगारांसाठी घरांच्या रांगा उठवल्या. गाव आधी आणि धंदा नंतर, असं इथे क्वचितच घडलं. काउंटीच्या पश्चिमेकडचे थर उथळ, ते आधी उपसले गेले. पूर्वेला किनाऱ्याकडे खाणी खोल, थेट समुद्राखाली गेलेल्या, तिथे अजून पुष्कळ शिल्लक होतं. 1 जानेवारी 1947 ला देशातल्या खाणी सरकारच्या झाल्या. मालकांनी कामगारांसाठी बांधलेली घरंही त्यांच्याबरोबर गेली.

त्याच वर्षीच्या नगररचना कायद्याने प्रत्येक काउंटीला विकास आराखडा करायला लावला. डरहॅमचा 1951 साली आला. त्यात साडेतीनशेहून जास्त वस्त्यांची चार वर्गांत विभागणी होती. ए म्हणजे लोकसंख्या वाढेल, बी म्हणजे आहे तेवढी राहील, सी म्हणजे काहीशी घटेल, डी म्हणजे बरीच घटेल. डीमध्ये पडली 114 गावं, आणि त्यांच्याबाबत आणखी एक सूचना होती: इथे यापुढे फारसा भांडवली खर्च करू नये.

वरकरणी हा नुसता अंदाज आहे. पण अंदाज आणि सूचना एकत्र आल्या की अंदाज खरा होण्यावाचून दुसरं काही उरत नाही. नवं घर बांधायला परवानगी नाही. जुन्या घरात न्हाणीघर, आतला संडास करायचा तर इतरांना मिळणारं अनुदान नाही. मग घर जुनं होतं, तरुण जोडपी दुसरीकडे जातात, शाळेचा पट घटतो, आणि काउंटीची परिषद आकडे दाखवून म्हणते, बघा, लोकसंख्या घटतेच आहे. घर राहण्यास अयोग्य ठरवून ताब्यात घेतलं तर भरपाई बहुतेकदा जागेपुरती, भिंतींची किंमत शून्य. धरणात गाव जातं तेव्हा निदान पाणी दिसतं, तारीख कळते. इथे तारीख नव्हतीच.

म्हणूनच घोटाळा होतो. डी म्हणजे पाडायचं गाव, असं त्या गावांत सर्रास सांगतात. आराखड्यात तसं लिहिलेलं नाही. झोपडपट्टी निर्मूलनाच्या वेगळ्या कायद्याखाली रांगाच्या रांगा पाडल्या गेल्या, काही ए आणि बी गावांतसुद्धा. टाइन नदीकाठचं ॲडिसन पुरतं गेलं. पण सबंध पुसली गेलेली गावं थोडीच. बाकीच्या ठिकाणी मधूनच एखादी रांग नाहीशी झाली आणि पडक्या दातांसारख्या मोकळ्या जागा राहिल्या. तरीही लोकांच्या समजुतीला मी चूक म्हणणार नाही. बुलडोझर कुठल्या कायद्याने आला हे खिडकीतून दिसत नाही.

हा आराखडा करणारी परिषद खाणमालकांची नव्हती. मजूर पक्षाच्या हाती सगळ्यात आधी आलेल्या काउंट्यांपैकी ही एक. सभागृहात बसलेल्यांत खाणीत काम केलेली माणसं होती. त्यांची बाजू पोकळ नव्हती: घरं ओली आणि कोंदट होती, प्रत्येक वस्तीला गटारं आणि शाळा पुरवणं खजिन्याला झेपणारं नव्हतं, आणि आपल्या पोरांनी तरी खाणीत उतरू नये असं त्यांना मनापासून वाटे. युद्धकाळातल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या जागी ॲक्लिफ हे नवं शहर 1947 साली जाहीर झालं होतं. किनाऱ्याकडे 1948 साली पीटरली जाहीर झालं, तेही खाणभागातूनच आलेल्या मागणीवरून, आणि त्याला नावही एका कामगार नेत्याचं मिळालं. तिथे एका नामवंत वास्तुकाराला उंच इमारती हव्या होत्या. पण खालचा कोळसा काढायचा असल्यामुळे जमीन खचणार, म्हणून घरं बुटकी आणि विखुरलेली ठेवा, असं खाणखात्याचं म्हणणं पडलं. वास्तुकार 1950 साली सोडून गेला. नव्या शहराचा आकारही शेवटी कोळशानेच ठरवला. या सगळ्यात एकच गोष्ट राहून गेली: कुठे राहायचं आहे, हे डी गावांतल्या लोकांना आधी कोणी विचारलं नाही.

आराखड्याला सरकारी मंजुरी 1954 साली मिळाली. 1957 नंतर तेलाने कोळशाची मागणी खाल्ली आणि पश्चिमेकडच्या खाणी भराभर बंद पडल्या. अनेक कुटुंबं यॉर्कशायर आणि नॉटिंगहॅमशायरच्या खाणींकडे गेली. आराखड्याच्या फेरतपासणीनंतर डी यादी 121 वर पोचली. विरोध सगळ्यात जास्त गाजला तो विटन पार्कमध्ये. लोखंडाच्या कारखान्याभोवती वाढलेलं हे गाव पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणाऱ्या दोन सख्ख्या भावांचं जन्मगाव. वर्षानुवर्षं सभा झाल्या, पत्रं गेली, पण घरं पडतच राहिली. धोरण गुंडाळलं गेलं ते 1977 साली.

आठवणी लिहिण्याची लाट त्याच सुमाराला सुरू झाली. फोटो आणि ध्वनिफिती गोळा करणारी स्थानिक मंडळं निघाली, 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपाने जुन्या जखमा उघड्या केल्या, आणि 1993 च्या डिसेंबरात संडरलंडमधली या भागातली शेवटची खोल खाण बंद झाली. तिच्या जागेवर आता फुटबॉलचं मैदान आहे. म्हणजे ही बहुतेक वर्णनं खाणी गेल्यानंतर, कधी रांगही गेल्यानंतर लिहिलेली. त्यांत चुलीपुढचा टब उबदार लागतो आणि परसातल्या संडासाचा किस्सा होतो. रात्री तिथवर जाणाऱ्या आईने परिषदेकडे न्हाणीघर मागितलं होतं का, हे मात्र क्वचितच सापडतं.

वाद अजून मिटलेला नाही. एक बाजू म्हणते, खाणी बंद होणारच होत्या, परिषदेने फक्त आधी सांगितलं. दुसरी बाजू यादीकडे बोट दाखवते: तिच्यातली बहुतेक गावं आजही नकाशावर आहेत आणि तिथे लोक राहतात.