रामदास बोट, १ जून आणि आजीचं रक्त

आमच्या आजीला वय विचारलं की साल नाही सांगत, "रामदास बोट बुडाली तेव्हा मी परकर नेसत होते" एवढंच. बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, आता लावा हिशोब. आधारवर १ जून आहे पण अलिबागकडे त्या पिढीतलं निम्मं गाव १ जूनलाच जन्मलंय, मास्तरांची कृपा! तर परवा भाचा म्हणाला की रक्तावरून वय कळतं म्हणे, करूया का टेस्ट?

कळतं, साधारण. डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर, बहुतेक वेळा त्याच्या पुढे ग्वानिन हे अक्षर असेल तिथे, मिथाइल नावाचा चिमुकला रासायनिक गट चिकटतो, अक्षर तेच राहतं पण जीन चालू-बंद होण्यावर परिणाम होऊ शकतो. माणसात अशा जागा जवळपास २.८ कोटी. आता डीएनएच्या एका धाग्यावर एका जागी ही मिथाइलची खूण एकतर असते नाहीतर नसते, पण रक्ताच्या थेंबात लाखो पेशी, म्हणून मोजायचं टक्क्यांत. अढी उघडून शंभरातले किती आंबे पिवळे झाले बघतो ना, तसंच. वय वाढतं तसा काही जागी टक्का चढतो, ईएलओव्हीएल२ जीनजवळचा तर अगदी ठळक, आणि काही जागी उतरतो.

मोजताना डीएनएवर बायसल्फाइट नावाचं रसायन टाकतात, त्याने बिनखुणेचा सायटोसिन बदलून जातो आणि मशीन त्याला थायमिन हे दुसरंच अक्षर म्हणून वाचतं, खूणवाला मात्र तसाच टिकतो. मला ही युक्ती फार आवडते. २०१३ साली स्टीव्ह होर्वाथ यांनी ३५३ जागांवरून वयाचं घड्याळ बनवलं आणि त्याच वर्षी हॅनम आणि सहकाऱ्यांनी फक्त रक्तासाठी ७१ जागांचं, १९ ते १०१ वयाच्या ६५६ जणांवरून.

पण खरी गोम अढीतच आहे. लाल पेशींत केंद्रकच नसतं त्यामुळे डीएनए येतो पांढऱ्या पेशींचा, त्यांचेही प्रकार अनेक आणि प्रत्येकाचा खुणांचा नमुना वेगळा. म्हातारपणी कोऱ्या टी पेशी (पांढऱ्यांचाच एक प्रकार, अजून कुठल्या जंतूशी गाठ न पडलेल्या) कमी होतात, इन्फेक्शन झालं तरी प्रमाण हलतं. म्हणजे अढीत हापूस कमी आणि पायरी जास्त झाला तर एकही आंबा न पिकता टक्का बदलणार! म्हणून पेशींचं प्रमाण धरून हिशोब करावा लागतो, आणि ते न सांगता नुसता "तुमचं जैविक वय अमुक" असा रिपोर्ट देणाऱ्या टेस्टवर मी तरी पैसे घालणार नाही.

शिवाय होर्वाथच्या घड्याळाची मधली चूक ३.६ वर्षांची, म्हणजे निम्म्या लोकांच्या बाबतीत ते त्याहूनही जास्त चुकतं. आणि ही घड्याळं शिकली ती जन्मतारीख नीट माहीत असलेल्या माणसांवरून, आमच्या १ जूनवाल्यांवर शिकवली असती तर काय शिकली असती देव जाणे.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, रक्त काढताच आहात तर साखर पण बघा.