सेशन संपल्याची खबर: जावा लिसनरांची पार्श्वभूमी

एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांना, आधीची विनंती आठवत नाही. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी त्यावर कुकीचा (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीचा) तोडगा काढला. जावाच्या सर्व्हलेट कंटेनरने (जावातले वेब प्रोग्रॅम चालवणाऱ्या सर्व्हरने) पुढे कुकीत फक्त सेशनचा, म्हणजे एका वापरकर्त्याच्या सलग भेटीचा, आयडी ठेवला आणि बाकीची माहिती सर्व्हरच्या मेमरीत. ती काढून कधी टाकायची, हा प्रश्न मग आलाच. ब्राउझर बंद केल्याचे सर्व्हरला कोणी कळवत नाही.

सुरुवातीला हाताशी एकच लिसनर (ठरलेली घटना घडली की कंटेनर ज्याला हाक मारतो तो कोड) होता: एचटीटीपीसेशनबाइंडिंगलिसनर. सेशनमधून ऑब्जेक्ट बाहेर पडला की त्याचीच व्हॅल्यूअनबाउंड मेथड चालते. त्यामुळे टाइमआउट (वापर न झाल्याने सेशनची मुदत संपणे) पकडायला एक नाममात्र ऑब्जेक्ट मुद्दाम सेशनमध्ये ठेवत. जुन्या कोडमध्ये तो अजून सापडतो. बिनकामाचा समजून काढला, की लॉगआउटच्या नोंदी गुपचूप थांबतात.

2001 च्या सर्व्हलेट 2.3 या आवृत्तीत सेशन सुरू झाल्याची आणि संपल्याची खबर घेणारा एचटीटीपीसेशनलिसनर आला. खोट एकच, पण मोठी: सेशनडिस्ट्रॉइड ही मेथड सेशन रद्द झाल्यानंतर चाले, आणि तिथे गेटअॅट्रिब्यूट केले (सेशनमधली माहिती मागितली) की इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही त्रुटी. म्हणून वापरकर्त्याचे नाव सेशन आयडीच्या किल्लीने वेगळ्या मॅपमध्ये (किल्ली आणि माहिती यांच्या जोड्यांच्या साठ्यात) ठेवायची पद्धत पडली. 2003 मध्ये 2.4 ने क्रम उलटवला, रद्द होण्याआधीच खबर मिळू लागली, तरी मॅप काही गेला नाही. 2013 च्या 3.1 मध्ये सेशन फिक्सेशन (हल्लेखोराने स्वतःला माहीत असलेला आयडी वापरकर्त्याच्या गळ्यात घालणे) टाळण्यासाठी चेंजसेशनआयडी आले, तेव्हा तो मॅप अंगाशी येऊ लागला. लॉगिननंतर आयडी बदलतो, पण सेशन तेच असल्याने ना सेशनक्रिएटेड चालते ना सेशनडिस्ट्रॉइड; कळते फक्त एचटीटीपीसेशनआयडीलिसनरला. जुनी किल्ली मॅपमध्ये अडकून राहते आणि मेमरी गळते. असा मॅप दिसला तर सरळ काढावा.

वेळेचा हिशेबही तपासावा. वेब.एक्सएमएल या सेटिंग फाइलमधला टाइमआउट मिनिटांत असतो, सेटमॅक्सइनअॅक्टिव्हइंटरव्हल मात्र सेकंद घेते. तिथे 30 लिहिले तर अर्ध्या मिनिटात सेशन संपते. टॉमकॅट या सर्व्हलेट कंटेनरची मूळ मुदत 30 मिनिटे. त्याचा पार्श्वभूमीतला थ्रेड दर 10 सेकंदांनी जागा होतो, पण मुदत संपलेली सेशन्स दर सहाव्या फेरीला साफ करतो. म्हणजे खबर मिनिटभर उशिरा येऊ शकते, आणि त्या थ्रेडवर चालू विनंती नसल्याने आयपी पत्ता वगैरे तिथे मिळत नाही. हवा असेल तर लॉगिनच्या वेळीच सेशनमध्ये ठेवावा.

2009 च्या 3.0 पासून लिसनरची नोंद करायला कोडमधली वेबलिसनर ही खूण (अॅनोटेशन) पुरते. मात्र 2020 मध्ये सर्व्हलेटच्या पॅकेजचे नाव जावाएक्सवरून जकार्ता झाले. जुने अॅनोटेशन असलेला लिसनर टॉमकॅट 10 वर तसाच चढवला, तर त्रुटी न दाखवता तो नुसता दुर्लक्षिला जातो.