लॅकर मारताना ओला थर काय करतो

स्प्रे गन शिकायला घेतली तेव्हा मला वाटलेलं सगळा खेळ हाताचा आहे, हात सरळ ठेवला, घाई केली नाही की जमलं. हात लागतोच, पण माझ्या पहिल्या स्टुलाची सीट संत्र्याच्या सालीसारखी आली आणि त्याच स्टुलाच्या पायांवर मात्र ओघळ आले. म्हणजे एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या लॅकरने, एकाच गनने दोन उलट्या चुका. हे कसं काय, ते शोधायला लागले आणि तिथून या कामाची खरी गोडी लागली.

आधी लॅकरबद्दल थोडं. शब्द आपल्याच लाखेवरून गेलेला, पण आज फर्निचरवर मारतात ते बहुतेक नायट्रोसेल्युलोजचं असतं, म्हणजे कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून जे मिळतं ते, थिनरमध्ये विरघळवलेलं. गनमध्ये भरतो तेव्हा त्यातला घन माल साधारण पाचवा हिस्सा, बाकी सगळं उडून जायला आलेलं. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ओला थर मारला तर वाळल्यावर २० मायक्रॉनच्या आसपास उरतो, केसाच्या जाडीपेक्षा बराच कमी. आणि वाळतं इतकं भराभर की ब्रशचा दुसरा हात फिरवेपर्यंत पहिला ओढला जायला लागतो, म्हणून लॅकर आणि स्प्रे गन ही जोडी जमली. १९२३ मध्ये ड्यूपाँचं ड्युको लॅकर मोटारींवर आलं आणि आठवडे खाणारं रंगकाम तासांवर आलं. कपाटाला 'ड्युको मारलाय' म्हणतो ना आपण, ते नाव तिथलंच.

आता गन काय करते ते बघू. समजा ३ मिलिमीटरचा एक थेंब आहे आणि हवेच्या झोताने त्याचे ३० मायक्रॉनचे बारीक थेंब केले, तर ते होतात १० लाख, आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग मूळ थेंबाच्या १०० पट. थिनर उडतो तो पृष्ठभागावरूनच, त्यामुळे नोझलपासून लाकडापर्यंतच्या एवढ्याशा प्रवासातच तो सुटायला लागतो आणि लाकडावर पोचतं ते लॅकर डब्यातल्यापेक्षा घट्ट असतं. अंतर ६ ते ८ इंच ठेवा म्हणतात ते याचसाठी. लांबून मारलं तर थेंब वाटेतच अर्धे सुकतात आणि हात फिरवला की रवाळ लागतं, फार जवळून मारलं तर एकाच जागी पूर येतो. नवशिक्याचं मनगट पंख्यासारखं वळतं, मग मधे जवळ आणि दोन्ही टोकांना लांब, मधे जाड आणि कडेला कोरडं. गन फळीला काटकोनात धरून अख्खा हात खांद्यातून सरकवायचा, फळी सुरू व्हायच्या आधी ट्रिगर दाबायचा, संपल्यावर सोडायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा.

पण माझ्या स्टुलाचं उत्तर यात नव्हतं, ते थराच्या जाडीत होतं. लाकडावर पडलेले थेंब आधी उंचसखल असतात आणि पृष्ठताण त्यांना ओढून सपाट करतो, फक्त ते लॅकर घट्ट व्हायच्या आत व्हायला हवं. थराचा तळ लाकडाला चिकटलेला, तो हलत नाही, वरचा भाग तेवढा वाहू शकतो. थर पातळ असेल तर जवळजवळ सगळंच तळाच्या पकडीत असतं. हिशोब असा आहे की सपाट व्हायचा वेग जाडीच्या घनावर (जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी) चालतो, म्हणजे थर निम्मा केला तर सपाट व्हायला ८ पट वेळ, आणि तेवढा वेळ थिनर देतच नाही. मी ओघळाच्या भीतीने सीटवर हात भरभर नेलेला, झाली संत्र्याची साल! आणि उभ्या पायावर हाच घन उलटा फिरतो. तिथे ओढणारं गुरुत्वाकर्षण, थर दुप्पट झाला की खाली वाहणारा माल ८ पट. गोल पाय मी चारी बाजूंनी मारलेला, दोन बाजूंचे फवारे कडेला एकमेकांवर चढले आणि तिथूनच ओघळ सुटला. आता जमेल तो भाग मी आडवा ठेवूनच मारते.

बरोबर जाडी डोळ्याने ओळखता येते, आणि माझ्या मते शिकायचं ते हेच. समोरच्या बाजूला दिवा ठेवायचा आणि गनकडे न बघता गनच्या मागे पडणाऱ्या ओल्या पट्ट्यात त्याचं प्रतिबिंब बघत जायचं. आधी ते दाणेदार, फुटलेलं दिसतं, मग सेकंदा-दोन सेकंदात दाणे एकमेकांत विरतात आणि दिव्याची कडा सरळ होते. कडा तुटकीच राहिली तर हात थोडा सावकाश करायचा, प्रतिबिंब खाली घसरायला लागलं तर थांबायचं.

दमट हवेत वेगळाच घोळ होतो. थिनर उडताना थरातली उष्णता घेऊन जातो, थर आजूबाजूच्या हवेपेक्षा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नसल्यामुळे साका होऊन बाहेर पडतं. चकचकीत टेबल बघता बघता दुधाळ पांढरं. घाबरून घासायला घेऊ नका, हळू उडणारा रिटार्डर थिनर हलका फवारला की थर परत विरघळतो, पाण्याला निघून जायला वेळ मिळतो आणि बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. जुन्या फर्निचरवर सिलिकॉनवालं पॉलिश पुसलेलं असेल तर मात्र लॅकर तिथून पळतं, गोल गोल खळगे पडतात, कारण त्या ठिपक्याचा पृष्ठताण कमी आणि आजूबाजूचं लॅकर द्रवाला आपल्याकडे खेचतं. त्याला आधीची साफसफाई हाच उपाय.

सुरक्षेचं मनापासून सांगते. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीलाही पेट घेते. नायट्रोसेल्युलोजची सुकलेली धूळसुद्धा भडकन पेटते, ती साठू देऊ नका. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजवाला लागतो. दोन डबे मिसळून मारायच्या पीयूच्या (पॉलियुरेथेन फिनिशच्या) हार्डनरमध्ये, म्हणजे ते पक्कं करणाऱ्या डब्यात, आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्याने कायमचा दमा लागू शकतो, तो फवारा बाहेरून ताजी हवा देणाऱ्या मास्कशिवाय मारूच नका.

स्टूल वाचलं ते लॅकरच्या स्वभावामुळे. पीयू एकदा पक्कं झालं की त्याचे रेणू जाळीसारखे एकमेकांना बांधले जातात, नवा कोट धरायला ते घासूनच घ्यावं लागतं. लॅकर नुसतं सुकलेलं असतं, ताज्या कोटातला थिनर जुन्याला परत मऊ करतो आणि दोन्ही मिळून एकच थर होतो. ओघळ पूर्ण कडक होऊ दिले, ब्लेडने खरवडले, सीट ४०० नंबरच्या पेपरने घासली, मग पाय आडवे ठेवून एक ओला कोट, आणि सीटमधल्या दिव्याची कडा या वेळी सरळ आली.