चाकाची घरघर: बेअरिंग की टायर?

"मिस्त्री, आवाज येतोय, पण कायम न्हाई." जुनी पिकअप घेऊन आलेला माणूस असं म्हणाला की निदान बहुतेक वेळा ठरलेलं असतं: बेअरिंग गेलं. हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उघडला जातो, नवीन बेअरिंग बसतं, ग्रीस भरलं जातं आणि चार दिवसांनी घरघर पुन्हा तीच, कारण आवाज टायरचा होता. उलटं घडतं तेव्हा प्रकरण जास्त गंभीर असतं. टायर जुने झालेत, त्यांचाच आवाज, असं म्हणून गाडी पळत राहते आणि आत बेअरिंगचा पिंजरा, म्हणजे रोलर जागेवर धरणारी चौकट, तुटत आलेला असतो. दोन्ही आवाज घों-घों जातीचे, दोन्ही वेगाबरोबर चढतात आणि केबिनमध्ये बसलेल्याला नेमके कुठल्या चाकातून येतात ते कळत नाही. तरीही हब न उघडता ते वेगळे करता येतात. त्यासाठी आवाज कधी येतो यापेक्षा कधी थांबतो, हे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

बेअरिंगमध्ये रोलर आणि ते ज्यावर फिरतात ती वाटी, दोन्ही गुळगुळीत पोलादाचे. वाटीच्या पृष्ठभागाचा एखादा टवका उडाला की प्रत्येक रोलर त्या खड्ड्यावरून जाताना थरथरतो. ही थरथर हबला, तिथून सस्पेन्शनला आणि मग बॉडीला जाते. खड्ड्यावर वजन पडलं की आवाज, वजन हटलं की शांत. टायरचं वेगळं आहे. त्याच्या नक्षीचे ठोकळे एकसारखे झिजले नाहीत की उंच-सखल ठोकळे रस्त्यावर आपटतात आणि त्याचा गुंजारव होतो. त्यामुळे टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो आणि बेअरिंगचा वजनाप्रमाणे. पुढच्या सगळ्या परीक्षा याच एका फरकावर उभ्या आहेत.

हळद घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात जाणारी पिकअप जाताना भरलेली आणि येताना रिकामी असते. म्हणजे परीक्षा रोज आपोआप होते, फक्त लक्ष द्यायला हवं. भरल्या गाडीत घरघर आणि परतीला शांतता, तर मागच्या बेअरिंगकडे बोट जातं. याउलट रिकाम्या गाडीत आवाज मोठा आणि माल भरला की दबलेला, तर मागचे टायर आधी तपासावेत. पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मालासाठी कडक बनवलेले असतात. गाडी रिकामी, शॉकॲब्सॉर्बर ढिले आणि हवा भरल्या गाडीच्या मापाची, असं असलं की चाक रस्त्यावर उड्या मारत चालतं आणि टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा खाल्ला जातो.

दुसरी परीक्षा रस्त्याची. वेग तोच ठेवून खडबडीत डांबरावरून नव्या गुळगुळीत डांबरावर किंवा काँक्रीटवर गाडी गेली आणि आवाजाची पट्टी एकदम बदलली, तर तो टायर. बेअरिंगला खाली कोणता रस्ता आहे हे माहीतच नसतं, त्याची घरघर तशीच चालू राहते.

वळणाची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते, पण ती चुकीच्या जागी केली जाते. डाव्या वळणावर गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. म्हणून डाव्या वळणावर घरघर वाढली आणि उजव्या वळणावर कमी झाली, तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर. हे बघायला कोणी पसरणी घाटात जाऊ नये. तिथे वेग कमी, इंजिनचा आवाज मोठा आणि अरुंद वळणावर लक्ष रस्त्याकडेच हवं. रुंद, मोकळ्या रस्त्याचं लांबलचक हलकं वळण, ताशी 50 च्या आसपासचा स्थिर वेग आणि उघडी काच, एवढं पुरतं. सपाट रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून बघितलं तर आणखी एक शंका मिटते: आवाज तसाच राहिला तर चाकाकडचा, बदलला किंवा बंद झाला तर गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअलकडे (मागच्या चाकांमधल्या गिअरांच्या डब्याकडे) बघायचं. उतारावर न्यूट्रल करायचं नाही, हे सांगायला नकोच.

आता हाताचं काम. गाडी थंड असताना तळहात टायरच्या नक्षीवरून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. एकीकडून हात सुळकन जातो आणि उलटा येताना बोटांना धार लागते, असं असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे आणि आवाजाचं कारण हातात सापडलं आहे. फक्त जुन्या टायरच्या उघड्या तारा नाहीत ना, हे आधी डोळ्यांनी बघावं. तरी खात्री नसेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकावेत. आवाजानेही जागा बदलली तर बेअरिंगला हात लावायची गरज नाही. एवढ्या स्वस्त परीक्षेचा लोकांना कंटाळा का येतो, हे मला खरंच कळत नाही.

बेअरिंगसाठी गाडी सपाट जागेवर, बाकीची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना ओट लावून, जॅकवर आणि मग स्टँडवर घ्यायची. चाक वरून आणि खालून धरून आलटून पालटून ओढायचं. टक-टक असा खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट (चाक वळवू देणारा गोळ्याचा सांधा) किंवा सस्पेन्शनचा दुसरा सांधा. मग चाक हाताने फिरवून दुसरा हात सस्पेन्शनच्या आर्मवर किंवा मागे पाट्यावर ठेवायचा. खराब बेअरिंग कानाआधी बोटांना कळतं, बारीक कच लागल्यासारखी थरथर येते. मात्र सुरुवातीच्या बिघाडात चाकावर वजन नसल्यामुळे काहीच जाणवत नाही. म्हणून जॅकवर 'ठीक आहे' असं निघालं तरी रस्त्यावरचा पुरावा मोडीत काढू नये.

अनेक जुन्या पिकअपमध्ये पुढच्या हबात दोन टेपर (निमुळत्या) रोलरची बेअरिंग असतात आणि त्यांचा नट जुळवता येतो. तिथे नुसता नट ढिला झाला म्हणूनही खेळ येतो. तो जोर लावून आवळून टाकला की बेअरिंग तापून जळतं. चाक फिरवत नट आवळायचा, रोलर नीट बसले की मागे सोडायचा, मग हलक्या हाताने टेकवून नट सुटू नये म्हणून नवी स्प्लिट पिन घालायची. बेअरिंग बदलायचंच असेल तर वाटीसकट बदलावं. जुन्या वाटीवर नवे रोलर बसवणं म्हणजे पैसे वाया.

सांगलीत एक प्रश्न हमखास विचारायला हवा: गाडी पुराच्या पाण्यात होती का? 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. इंजिन ऑइल बदललं गेलं, गाडी सुरू झाली आणि हबाकडे कोणी बघितलं नाही. हबाच्या सीलमधून (ग्रीस आत राखणाऱ्या रबरी कड्यातून) शिरलेलं पाणी ग्रीसमध्ये राहतं, रोलर जिथे टेकून उभे असतात तिथेच गंजाचे ठिपके पडतात आणि घरघर सुरू होते ती फार नंतर. तापलेलं चाक ओढ्याच्या पाण्यात घातलं तरी हेच होतं: हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. अशा गाडीत आवाज मधूनमधून येत असला तरी मी आधी बेअरिंगच धरीन.

टिक-टिक, खर्र किंवा किंचाळणारा आवाज असेल तर तो या दोघांपैकी बहुधा कोणाचाच नाही. नक्षीत अडकलेला खडा, ब्रेकच्या ड्रमच्या पत्र्यामागचा दगड, घासणारा ब्रेक किंवा ढिले चाकाचे नट बघावेत. सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना 'टण' झालं तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा.

दहा-पंधरा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न वापरता थांबल्यावर चारही हबांजवळ हात नेऊन बघावं. एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलेला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, दोन्हीपैकी काहीही असलं तरी ती गाडी माल भरून खंबाटकी घाट चढवायची नाही. मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला ऑइलचा ओला ओघळ दिसला तर एक्सलच्या बेअरिंगबरोबर सीलही गेलेलं असू शकतं आणि ऑइल ब्रेकच्या लायनरवर उतरतं. ती गाडी आहे तिथेच उभी ठेवून मिस्त्रीला बोलवावं.